घटत्या अंगाचे कपडे: वजन उतरत असताना खरेदी, शिलाई आणि आल्टर

मोठी साइज घेऊन ठेवायची सवय आपल्याकडे लेकरांच्या कपड्यांपासून लागते. वाढतं अंग आहे, दोन वर्षं बसेल, असं म्हणत दुकानदारही ढिलंच काढून देतो. मोठ्या माणसाचं वजन उतरायला लागलं की हा हिशोब उलटा होतो. आज नीट बसलेला कुर्ता अडीच महिन्यांत खांद्यावरून घसरायला लागतो. त्यात मराठवाड्यातल्या पुष्कळ घरांची मोठी कपडेखरेदी वर्षातून दोनदाच होते: सोयाबीन-कापसाचे पैसे हातात आल्यावर दिवाळीला, आणि घरात कार्य निघालं तर बस्त्याला. वजन उतरत असताना ही एकगठ्ठा खरेदीच सगळ्यात महागात पडते. तेच पैसे तीन-चार टप्प्यांत वाटायचे, प्रत्येक टप्प्याला थोडेच कपडे घ्यायचे आणि दुकानापेक्षा टेलरकडे जास्त वेळा जायचं. ते कसं, हे पुढे सविस्तर.

एक साइज किती दिवस पुरते

तयार कपड्यांच्या लागोपाठच्या साइजमध्ये घेराचा फरक बहुतेक वेळा २ इंचांचा असतो. कुर्तीत एम म्हणजे साधारण ३८, एल ४०, एक्सएल ४२, डबल एक्सएल ४४. पँटीत ३२, ३४, ३६. मध्यम उंचीच्या माणसाचा घेर इतका कमी व्हायला ठोकळ मानाने ४ ते ६ किलो उतरावे लागतात. ठेंगण्या अंगाला जरा कमी, उंच-थोराड अंगाला जास्त. आहार आणि व्यायाम यांच्या जोरावर आठवड्याला अर्धा ते एक किलो ही सुरक्षित गती मानतात. म्हणजे एक साइज एक ते तीन महिने पुरते, बहुतेकांची दोन-अडीच महिने.

समजा एखाद्या बाईंचं वजन ८४ किलो आहे आणि ६६ वर यायचंय. आठवड्याला अर्ध्या किलोने १८ किलोंना ३६ आठवडे लागतात. जूनच्या मध्यात सुरुवात केली तर नोव्हेंबरच्या सुरुवातीच्या दिवाळीपर्यंत २० आठवडे होतात, १० किलो उतरतात, दोन साइज जातात. तुळशीच्या लग्नानंतर लगीनसराई लागते आणि फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत आणखी दीड-दोन साइज जातात. अशा वेळी दिवाळीला घेतलेले सहा ड्रेस संक्रांतीच्या हळदीकुंकवालाच पोतेरे दिसणार. दिवाळीला दोन घ्यावेत आणि उरलेले पैसे मार्चसाठी बाजूला ठेवावेत.

वजन सरळ रेषेत उतरत नाही, हेही खरेदीच्या हिशोबात धरावं लागतं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काटा भराभर खाली येतो, पण त्यातला बराच भाग पाण्याचा असतो. त्या जोरावर लगेच कपडे घ्यायला धावू नये. पुढे कधी काटा तीन-चार आठवडे हलत नाही, पण व्यायाम चालू असेल तर कंबर मात्र कमी होत राहते. म्हणून खरेदीचा निर्णय काट्यावर सोडू नये, टेपवर घ्यावा. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांचं गणित वेगळं आहे. त्यांचं बरंचसं वजन पहिल्या वर्ष-दीड वर्षात जातं आणि सुरुवातीचे सहा महिने तर फारच वेगाने. त्या काळात काज-बटणाचं, चेनचं काही घेऊच नये. नाडी आणि इलॅस्टिकवर भागवावं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकलेली बरी. काही न करता कपडे ढिले होत असतील, सहा ते बारा महिन्यांत वजनाच्या ५ टक्क्यांहून जास्त घट आपोआप झाली असेल, तर टेलरच्या आधी डॉक्टर गाठावा. फार तहान, वारंवार लघवी, किंवा दोन आठवड्यांहून जास्त खोकला आणि संध्याकाळचा ताप सोबत असेल तर अजिबात थांबू नये.

माप घ्यायची रीत

घरात गाऊन आणि बाहेर साडी असली की अंग किती उतरलं हे कळतच नाही. पुरुषांचं पायजमा-नेहरू शर्टात तेच. म्हणून दर पंधरा दिवसांनी माप घेऊन वहीत तारखेसह लिहावं. टेप कापडी असेल तर आधी स्टीलच्या फूटपट्टीला लावून पाहावा. जुना टेप ताणून अर्धा-पाऊण इंच लांबलेला असतो आणि मग सगळीच मापं खोटी लागतात.

१. सकाळी, जेवणाआधी, पातळ कपड्यावर किंवा आतल्या कपड्यांवरच माप घ्यावं. संध्याकाळी पोट फुगलेलं असलं की कमरेत इंचाचा फरक सहज पडतो.
२. छातीचं माप सगळ्यात भरलेल्या भागावरून घ्यावं. टेप पाठीमागे खाली घसरू देऊ नये. बायकांनी छातीच्या लगेच खालचा घेरही वेगळा लिहावा.
३. कंबर दोन ठिकाणी मोजावी: बेंबीच्या रेषेत, आणि पँट किंवा परकराची नाडी जिथे बांधता तिथे. पोट असलेल्या पुरुषांत या दोन मापांत तीन-चार इंचांचा फरक असतो आणि पँट नेहमी दुसऱ्या मापाने घ्यायची असते.
४. सीट सगळ्यात रुंद भागावर, मांडी तिच्या जाड भागावर, दंड काखेखाली दोन बोटं सोडून.
५. खांदा हाडापासून हाडापर्यंत, पाठीमागून. हे माप सहसा अर्ध्या-पाऊण इंचापलीकडे बदलत नाही, कारण ते हाडाचं आहे.
६. टेपखाली एक बोट जाईल इतकी सैल ठेवावी. पोट आत ओढून घेतलेलं माप स्वतःलाच फसवतं.

याशिवाय सध्या सगळ्यात चांगला बसणारा एक कपडा पलंगावर सपाट पसरून मोजावा. काखेखालच्या शिवणीपासून समोरच्या शिवणीपर्यंत जे येईल त्याची दुप्पट म्हणजे त्या कपड्याचा घेर. अंगाच्या मापात आणि कपड्याच्या मापात जो फरक येतो, ती तुम्हाला सोयीची वाटणारी ढिलाई. कुर्तीला ती साधारण २ ते ३ इंच, पुरुषांच्या शर्टाला ४ ते ६ इंच, ब्लाउजला अर्धा ते एक इंच. हा आकडा लिहून ठेवला की दुकानातली चिठ्ठी काहीही म्हणो, कपडा मोजून घेता येतो. याची गरज आहे, कारण एका कंपनीचा एल दुसऱ्या कंपनीच्या एक्सएलएवढा निघतो. शिवाय काहींची साइज अंगाची असते, काहींची कपड्याची. ऑनलाइन तक्ता पाहताना तर हे आधी वाचावं. अंग ३९ असताना 'कपड्याची छाती ४०' घेतली तर बसेल, पण हात वर केला की काखेत तटतटेल.

दोन साइजच्या मध्ये अडकल्यावर

एक साइज ढगळ, तिच्या खालची घट्ट, ही अवस्था वजन उतरताना दर दोन महिन्यांनी येते. तेव्हा कोणती घ्यायची, हे कपड्यावर ठरतं.

वरच्या कपड्यात खांदा पाहावा. खांद्याची शिवण हाडावर बसली आणि बाजूला दोन इंच जास्त असले तर चालतं, कारण बाजू मारून घेता येते. बाजू बरोबर आणि खांदा इंचभर खाली लोंबतोय, असा कपडा घेऊ नये. खांदा कमी करायचा म्हणजे बाही उसवून, मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोल, नव्याने आखून पुन्हा बाही लावायची, आणि ते काम कुर्तीच्या किमतीला परवडत नाही. खालच्या कपड्यात सीट आणि मांडी पाहावी. तिथे बरोबर बसून कंबर ढिली असेल तर कंबर आत घेता येते. सीट फारच ओघळलेली पँट सुधारायला सगळी पँटच खोलावी लागते.

कापड ताण घेणारं असेल, म्हणजे कॉटन-लायक्रा, स्ट्रेच डेनिम, होजिअरी, तर खालची साइज घ्यावी. आज अंगाला बसते आणि दोन महिन्यांनी आणखी चांगली बसते. ताण न घेणारं सुती, लिनन, टेरिकॉट असेल तर आजच्या अंगाला बसणारी घ्यावी. सुती कपडा पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटू शकतो, म्हणजे ४० इंचांच्या घेरात सव्वा ते दोन इंच गेले. उतरत्या अंगाला हे आटणं उलट पथ्यावर पडतं. म्हणून थोडी ढिली वाटणारी सुती कुर्ती लगेच मारून घेऊ नये. दोनदा धुऊन मग टेलरकडे न्यावी.

'या कपड्यात मावायचंय' म्हणून दोन साइज लहान महागडा कपडा आणून ठेवणं टाळावं. उतरताना छाती आधी जाईल की पोट, की मांड्या, हे आधी सांगता येत नाही. त्या साइजपर्यंत पोचाल तेव्हा कंबर बसेल आणि दंड अडकेल, असंही होतं, आणि तोवर बदलून द्यायची मुदत केव्हाच संपलेली असते.

घालून पाहताना आरशासमोर नुसतं उभं राहू नये. दोन्ही हात वर करावेत, पुढे वाकावं, आणि शक्य असेल तर मांडी घालून बसावं. आपल्याकडे पंगतीला, सत्यनारायणाला, बाळंतिणीच्या खोलीत जमिनीवरच बसायचं असतं. मांडी घातल्यावर शर्टाच्या पोटावरच्या बटणांमध्ये फट पडत असेल, तर ती साइज अजून महिनाभर दूर आहे.

काय आणि किती घ्यायचं

एका टप्प्याला नोकरी करणाऱ्या बाईला तीन कुर्त्या आणि दोन बॉटम, पुरुषाला तीन शर्ट आणि दोन पँटी पुरतात. नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात एवढ्यावर भागत नाही. तिथे धुण्याच्या दोन वारांमध्ये जितके दिवस जातात तितके वरचे कपडे लागतात. तेव्हा दोन कपडे वाढवावेत, पण स्वस्तातले. रंग एकमेकांवर चालणारे घ्यावेत. काळी किंवा निळी लेगिंग आणि एक ऑफव्हाइट पलाझो असला की सगळ्या कुर्त्या त्यावर जातात.

नाडी, इलॅस्टिक आणि बाजूला बांधायच्या दोऱ्या असलेला कपडा दोन साइज सहज सांभाळतो. नाडीच्या पायजम्याला, पटियाला सलवारीला आणि परकराला साइजच नसते, म्हणून त्यांना हात लावायची गरज नाही. चुडीदारचं तसं नाही; त्याची पोटरी ढिली पडली की चुण्या घोट्यावर साचतात. इलॅस्टिकच्या पलाझोला नेफ्याची शिवण इंचभर उसवून इलॅस्टिक बाहेर ओढावं, कमरेपेक्षा २ ते ३ इंच कमी लांबीवर कापून जोडावं आणि तोंड हातशिलाईने बंद करावं. मशीनची टीप मारू नये, कारण दोन महिन्यांनी तेच तोंड पुन्हा उघडायचं आहे. नेफ्यात इलॅस्टिकवरून आडव्या टिपा मारलेल्या असतील, तर ते काम घरी होत नाही. असा पलाझो या काळात घेऊच नये. आणि इलॅस्टिकचा, लायक्राचा कपडा एप्रिल-मेच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर वाळत घालू नये. उष्णतेने त्याचा ताण एका उन्हाळ्यात मरतो आणि मग अंग उतरलं म्हणून ढिलं झालं की कपडा गेला म्हणून, हेच कळत नाही.

छत्रपती संभाजीनगरचं गुलमंडी-औरंगपुरा असो, लातूरची गंजगोलाई असो की नांदेडचं वजिराबाद, बिल करण्याआधी विचारून घ्यावं: साइज बदलून मिळेल का, किती दिवसांत, आणि आल्टर इथेच होईल का. बिलावर ती मुदत लिहून घेतली तर उत्तम. ऑनलाइन घेत असाल तर दोन साइज मागवून एक परत करणं सोपं वाटतं, पण परतीचा माल न्यायला माणूस तुमच्या पिनकोडला येतो का, ते आधी पाहावं. तालुक्याच्या गावांत कधी कधी माल पोचतो आणि परत जात नाही. या टप्प्यांवरचा कपडा २,५०० रुपयांच्या वर जाण्याचं कारणच नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून या किमतीपर्यंतच्या कपड्यावर जीएसटी ५ टक्के आहे आणि वर १८ टक्के.

प्रत्येक घरात आहेरातले पँटपीस, शर्टपीस, साड्या आणि ओटीतल्या खणांचा एक गठ्ठा असतो. वजन उतरायच्या काळात हा गठ्ठा फार उपयोगी पडतो. त्याचे दोन भाग करावेत. मध्यम प्रतीचे पीस या वर्षात शिवायला काढावेत. भारी कापड तसंच ठेवावं आणि कमरेचं माप सलग तीन महिने एका जागी राहिल्यावरच कात्री लावावी.

टेलरकडे काय सांगायचं

नवं शिवताना टेलरला दोनच गोष्टी स्पष्ट सांगाव्यात: वजन उतरतंय, आणि पुढे बाजूने आत घ्यायचंय. चांगला टेलर लगेच बेत बदलतो. प्रिन्सेस कट, अनेक कळ्यांचा अनारकली, कमरेत जोड असलेला फ्रॉक, हे नमुने टाळावेत, कारण आत घेताना प्रत्येक शिवण खोलावी लागते. सरळ किंवा ए-लाइन, बाजूला साधी शिवण, पाठीमागे दोन दोऱ्या, हा सगळ्यात सोयीचा बेत. सुती ड्रेस मटेरियल असेल तर बेतण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून द्यावं. अस्तरही भिजवावं, अस्तर आटलं आणि वरचं कापड नाही आटलं तर खालचा घेर पिशवीसारखा फुगतो.

शिवणीच्या आत सोडलेल्या कापडाला माया म्हणतात. आत घेतल्यावर ती आपोआप वाढते, आणि इथेच टेलर घाईत चूक करतात: जास्तीचं कापड कापून इंटरलॉक मारून देतात. तसं करू देऊ नये. वजन दोन-तीन किलो परत येणं अगदी नेहमीचं आहे, विशेषतः लग्नाच्या महिन्यात; माया असेल तर टीप उसवून कपडा परत मोठा होतो. मात्र एका बाजूला दीड इंचाहून जास्त कापड साठलं की काखेत टोचतं आणि शिवण फुगून दिसते. त्या वेळी दीड इंच ठेवून वरचं कापावं.

घरी मशीन असेल तर कुर्ती आत घेणं अवघड नाही. कुर्ती उलटी करून अंगात घालावी आणि दुसऱ्या कुणाला तरी काखेखाली, कमरेत आणि कटाच्या वर दोन्ही बाजूंना सारख्या पिना लावायला सांगाव्यात. कुर्ती काढून सपाट पसरावी आणि खडूने रेघ ओढावी. इथला हिशोब पुष्कळांचा चुकतो. प्रत्येक बाजूची शिवण अर्धा इंच आत नेली तर पुढून अर्धा आणि मागून अर्धा असा एका बाजूला एक इंच जातो, दोन्ही बाजू मिळून २ इंच, म्हणजे एक पूर्ण साइज. एकच साइज कमी करायची असताना शिवण दोन्हीकडे एक इंच आत नेली तर ४ इंच जातात आणि कुर्ती डोक्यातून खालीच येत नाही.

रेघ काखेत सुरू करू नये. बाहीच्या खालच्या शिवणीवर, दंडाच्या मध्यापासून हळूहळू आत येत, काखेतून वळून, सलग खाली कटाच्या अर्धा इंच वर जुन्या शिवणीला मिळवावी. काखेत एकदम टीप सुरू केली तर तिथे कोपरा पडतो आणि हात वर करताना फाटतो. आधी धावदोरा घालून कुर्ती अंगात घालून पाहावी, हात वर करावा, बसून पाहावं. मग मशीनवर टाका मोठा, साधारण ४ मिलिमीटरचा ठेवून टीप मारावी. हा टाका पुढच्या वेळी पटकन उसवतो. कमरेला जास्त ताण येत असेल तर तेवढ्याच जागी दुसरी टीप.

असं आत घेणं साधारण दोन साइजपर्यंत, म्हणजे एकूण ४ इंचांपर्यंत शोभतं. त्यापुढे मुंढा खोल दिसतो, गळा पुढे झुकतो, छातीचे टक्स (आकार देणाऱ्या शिवलेल्या चुण्या) काखेकडे सरकतात. मग कपडा पूर्ण खोलून नव्याने बेतावा लागतो. पैठणीच्या ब्लाउजसाठी किंवा भारी कामाच्या ड्रेससाठी ते करावं, रोजच्या कुर्तीसाठी नाही. आल्टरची मजुरी कपड्याच्या आजच्या किमतीच्या चौथ्या हिश्शावर जात असेल तर तो कपडा सोडून द्यावा.

साडी आणि ब्लाउज

साडीला माप नाही, नऊवारीला तर नाहीच. अपवाद फक्त शिवून मिळणाऱ्या तयार नऊवारीचा. अडचण सगळी ब्लाउजची. ते अंगाला चिकटून असल्याने एक इंचाचाही फरक दिसतो: पुढच्या हुकांमध्ये घडी पडते, मुंढ्यात पोकळी येते, बाही दंडावर फिरते.

या काळात कॉटन-लायक्राचे तयार ब्लाउज काळा, लाल किंवा मरून आणि सोनेरी अशा तीन रंगांत घेऊन ठेवावेत. तीन ब्लाउजवर निम्म्या साड्या निघतात. शिवायचाच असेल तर टू बाय टू रुबियाचा शिवावा. चांगल्या साडीला जोडून आलेला ब्लाउजपीस इतक्यात कापू नये. पैठणी पंचवीस वर्षं टिकते. तिच्या काठाचं कापड दुसऱ्यांदा मिळत नाही.

नवं शिवताना हुकपट्टीवर आकड्यांची एकच ओळ न लावता पाऊण इंच आत दुसरी ओळ लावून घ्यावी. टेलर पाच-दहा रुपये जास्त घेईल. दोन महिन्यांनी ब्लाउज पाऊण इंच कमी करायला मग काहीच करावं लागत नाही. याहून जास्त पुढून घेऊ नये, टक्स मधोमध ओढले जातात. पुढची घट बाजूच्या शिवणीतून घ्यावी. दंडाला मात्र सुरुवातीलाच नीट फिटिंग करावं, कारण ढिल्या बाहीचा ब्लाउज सगळ्यात आधी डोळ्यात भरतो.

पँट, जीन्स, बेल्ट

टेलरने शिवलेल्या पँटीत पाठीमागच्या मधल्या शिवणीत माया असते आणि कंबरपट्टीही तिथेच जोडलेली असते. त्यामुळे मागून कंबर आणि सीट मिळून २ ते अडीच इंच आत घेता येतात. त्याहून जास्त घेतलं तर मागचे दोन खिसे एकमेकांना भिडतात आणि बाजूच्या शिवणी मागे ओढल्या जातात. जीन्सची कंबरपट्टी मागे अखंड असते, ती कापून जोडली की जोड दिसतोच. म्हणून या वर्षात जीन्स एकच घ्यावी, स्ट्रेच डेनिमची, आज जेमतेम बटण लागेल अशी.

बेल्ट नवा घेताना मधल्या भोकावर बसणारा घेतात, पण उतरत्या अंगाने टोकाकडच्या पहिल्या-दुसऱ्या भोकावर बसणारा घ्यावा. साध्या बेल्टला पाच भोकं साधारण एकेक इंचावर असतात, म्हणजे तीन-चार इंच हाताशी राहतात. भोकं संपली की नवी पाडत बसू नये. बक्कल पेचाचं किंवा दाबाचं असेल तर ते काढून बेल्ट बक्कलकडून कापावा. भोकांच्या टोकाकडून कापला तर टोकाची गोलाई जाते आणि भोकं एका बाजूला सरकतात. बेल्ट आवळल्यावर पँटीला कमरेभोवती चुण्या पडायला लागल्या की पँट दोन इंचांहून जास्त ढिली झाली आहे. बटण न काढता पँट खाली ओढता येत असेल, तर ती टेलरकडे न्यायची वेळ कधीच टळून गेली.

ढिल्या कपड्याचा प्रश्न दिसण्यापुरता नाही. कडबाकुट्टी, मळणीयंत्र, पिठाची गिरणी यांच्या फिरत्या पट्ट्याजवळ लोंबणारी बाही किंवा शर्टाचा घोळ जिवावर बेततो. दुचाकीच्या मागच्या चाकात जाणाऱ्या सलवारीचं, ओढणीचं तेच, आणि चुलीपुढच्या ढगळ गाऊनचंही. शेतात आणि यंत्रावर काम करणाऱ्याने कामाचा कपडा सगळ्यात आधी मापात आणावा, बाहेरचा नंतर.

आतले कपडे

लोक इथेच पैसे वाचवतात आणि इथेच त्रास काढतात. ढिली चड्डी मांडीत गोळा होऊन घासते. ब्रेसियरचा पट्टा पाठीवर वर सरकला की वजन खांद्याच्या पट्ट्यांवर येतं आणि खांदे दुखतात. वरचा ड्रेस कितीही चांगला असो, तो नीट बसत नाही. नवी ब्रेसियर सगळ्यात बाहेरच्या, म्हणजे ढिल्या हुकावर घट्ट बसेल अशी घ्यावी. अंग उतरत जाईल तसं आतल्या हुकांवर यावं. शेवटच्या हुकावरही दोनपेक्षा जास्त बोटं आत जात असतील तर पट्ट्याची साइज बदलावी. ३८ वरून ३६ वर येताना त्याच आकाराच्या कपासाठी कपचं अक्षर एकाने वाढवावं लागतं, सी असेल तर डी; नाही तर पट्टा बसतो आणि कप लहान पडतो. एका टप्प्याला तीन ब्रेसियर, चार-पाच चड्ड्या, त्याहून जास्त नकोत.

खूप वजन उतरल्यावर पोट, दंड, मांड्यांची कातडी सैल पडते. आपल्या उन्हाळ्यात त्या घड्यांत घाम साचून घामोळं किंवा नायटा होतो. तिथे सुती, अंगासरशी आणि रोज धुतलेलाच कपडा हवा. सायकलिंग शॉर्टसारखी लांब सुती चड्डी मांड्या घासण्यावर चांगली चालते.

लग्नकार्य आलं तर

बस्ता लग्नाच्या दीड-दोन महिने आधी बांधला जातो, म्हणजे लग्नाच्या दिवशी अंग एका साइजने कमी असणार. बस्त्यात साड्या आणि कापड घ्यावं, तयार शेरवानी-घागरा नको. शिलाई टाकताना टेलरला लग्नाची तारीख सांगून शेवटच्या फिटिंगचा दिवस तेव्हाच ठरवावा, लग्नाआधी आठ-दहा दिवसांचा. लगीनसराईत टेलर 'उद्या या' म्हणत चार दिवस काढतात, तेवढी फट हवीच. त्या आठ-दहा दिवसांत उपास-तापास करून आणखी उतरायचा प्रयत्न करू नये. एका दिवसासाठी घागरा किंवा जोधपुरी भाड्याने घेणं मोठ्या गावांत सहज जमतं, आणि मापाचं काम तेच लोक करून देतात. सूट शिवायचाच असेल तर कोटाचा खांदा आजच्या मापाचा आणि पोटाची बाजू मायेसकट, एवढं सांगितलं की पुढे एकदा आत घेऊन तो वर्षभर निघतो.

दागिन्यांत अंगठी आधी ढिली होते. ती लगेच सोनाराकडे देऊ नये, वजन स्थिर झाल्यावर एकदाच छोटी करावी. तोवर आतून दोरा गुंडाळावा किंवा काढून ठेवावी. थंडीत बोटं आणखी बारीक होतात आणि धुणं-भांडी करताना अंगठ्या निसटतात. बांगड्या हाताच्या हाडावरून चढतात, त्यामुळे दोन-सहाची दोन-चार क्वचितच होते.

उतरलेले कपडे

मागची एक साइज ठेवावी, त्याआधीची काढून टाकावी. म्हणजे आज एक्सएल बसत असेल तर डबल एक्सएलमधले दोन-तीन चांगले कपडे पिशवीत बांधून, पिशवीवर माप लिहून ठेवावेत. थ्री एक्सएल घरात नको, जागा अडवतो. चांगल्या स्थितीतले कपडे जाऊबाई, नणंद, मावशी यांच्यात फिरवावेत. मधल्या टप्प्याचे कपडे मिळवायचा सगळ्यात स्वस्त मार्गही हाच आहे, फक्त 'तुझं उतरलं की मला दे' हे आधी बोलून ठेवावं लागतं. सिंथेटिक बोहारणीला द्यावं, मऊ सुती वाकळीसाठी ठेवावं. मोठ्या घेराच्या सुती कुर्त्यांची कळीची बाजू कापून लेकरांची झबली निघतात. बटणं, हुक आणि चांगल्या चेन कापून डबीत टाकाव्यात. पुढच्या आल्टरला त्याच लागतात.